शिकारीविना कारवानाची पारख

कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंस, तेव्हा आता गावात जो तो तुला एकच विचारणार, "ससा धरतो का रे?" पोरा, या प्रश्नाला नुसती मान डोलवायची नाही आणि खरं-खोटं करायला म्हणून कुत्रं रानात सोडायचंही नाही. आपल्या लातूर-नांदेडकडे पिढ्यान्‌पिढ्या या कुत्र्यांची पारख सावजावर झाली. सशावर एक, काळविटावर दुसरी, कोल्ह्यावर तिसरी. ती करणाऱ्या जुन्या माणसांच्या मागे मी लहानपणी माळावर हिंडलो आहे. जो खरा पारखी होता, तो सावज पडलं का हे नंतर विचारायचा. कुत्रं धावलं कसं, हे तो आधी बघायचा. प्रत्येक सावज कुत्र्याला वेगळा प्रश्न घालतं, असं ती माणसं म्हणत. आज सावजाच्या वाटेला जायचं नाही, पण ते प्रश्न अजून तसेच आहेत आणि ते विचारायच्या दुसऱ्या वाटा आहेत. त्याच तुला सांगतो. वहीत उतरवून घे.

पहिला मंत्र: कायदा आधी, कुत्रं नंतर

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा नीट समजून घे. ससा, खोकड, कोल्हा, काळवीट, चिंकारा, घोरपड, रानडुक्कर ही सगळी नावं त्याच्या यादीत आहेत. "सशाला कोण विचारतं" असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. कायद्याच्या लेखी जनावर मारणं म्हणजे तर शिकार आहेच, पण कुत्रं लावून त्याचा पाठलाग करणं, त्याला हाकून काढणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हीसुद्धा शिकारच आहे. "फक्त पळवून बघितलं, धरू दिलं नाही" ही सबब चालत नाही.

दुसरा कायदा १९६० चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा. करमणुकीसाठी एक जनावर कोंडून किंवा बांधून दुसऱ्याच्या तोंडी देणं हा त्यात गुन्हा आहे. पिल्लाला "रक्ताची चव लागू दे" म्हणून पाळीव ससा किंवा कोंबडी बांधून पुढे टाकतात, तोही त्यातच बसतो. त्या चवीने कुत्रं शूर होत नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्यांच्या मुळावर मात्र उठतं.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी आपला माळ बघ. गवताची रानं नांगराखाली गेली. उरलेल्या तुकड्यांवर काळवीट, चिंकारा, खोकड कसेबसे तग धरून आहेत आणि गावोगावची मोकाट कुत्री त्यांच्या मागे लागलेली आहेत. कुत्र्यांचा डिस्टेंपर आणि रेबीज लांडग्या-कोल्ह्यांपर्यंत पोचतो. आपल्या कुत्र्याला वेळच्या वेळी लस टोचणं, ही माळाचीही राखण आहे. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी न चुकता.

दुसरा मंत्र: पारख धावण्याची, मारण्याची नव्हे

हे शहाणपण आजचं नाही. दुसऱ्या शतकातल्या एरियन या ग्रीक लेखकाने सशामागे कुत्री सोडण्यावर पुस्तक लिहिलं आहे. खरा शौकीन कुत्र्यांची आणि सशाची चुरस बघायला जातो, आणि ससा निसटला तर त्याला आनंदच होतो, असं त्याचं म्हणणं. इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात नॉरफोकच्या ड्यूकने जे नियम घातले, त्यांत एका सशामागे दोनाहून जास्त कुत्री सोडायला बंदी होती, आणि कुत्री सोडण्याआधी सशाला २४० यार्डांची, म्हणजे सव्वादोनशे मीटरच्या आसपास, आघाडी द्यावी लागे. कोणत्या कुत्र्याने सशाला किती वेळा वळवलं, कोण कोणाच्या पुढे निघालं, यावर निकाल लागे. त्याच परंपरेतली वॉटर्लू कप ही स्पर्धा १८३६ पासून २००५ पर्यंत चालली. मग तिथेही कायदा झाला आणि सशावरच्या स्पर्धा बंद झाल्या.

अमेरिकेत काही लोकांनी वेगळी वाट काढली. जमिनीलगत दोरी फिरवायची, तिला प्लॅस्टिकची पांढरी पिशवी बांधायची आणि तिच्यामागे कुत्री सोडायची. या खेळाची तिथली संघटना १९७२ साली उभी राहिली. आपल्याकडे वन्यजीव कायदा झाला त्याच वर्षी. पुढे मी ज्या चाचण्या सांगणार आहे, त्यांचा पाया ही दोरी आहे.

तिसरा मंत्र: आपल्या कुत्र्याचं काम ओळख

शिकारी कुत्र्यांच्या दोन मोठ्या जाती. एक नाकाने माग काढणारी, दुसरी नजरेने पाठलाग करणारी. फिनलंडमध्ये नाकावर चालणाऱ्या कुत्र्याची चाचणी घेतात, तेव्हा त्याच्या भुंकण्याचेही गुण असतात. कारण शिकारी लांब उभा असतो आणि सावज कुठे वळलं हे त्याला आवाजावरून कळतं. आपला कारवान नजरेचा. तो मुक्याने धावतो. धावताना भुंकणाऱ्या कारवानाचं लक्ष अर्धं कामात, अर्धं भलतीकडे असतं.

म्हणून "याला वास येत नाही, माग काढत नाही" अशी कोणी नावं ठेवली तर मनाला लावून घेऊ नकोस. घोरपड उकरणं, मुंगसाच्या बिळाशी बसणं, रात्री माग काढत जाणं, ही त्याची कामंच नाहीत. ज्या कामासाठी जात घडली, त्याच कामावर तिची परीक्षा घ्यायची.

चौथा मंत्र: पळवण्याआधी हात फिरव

डोळ्यांनी बघण्याआधी हाताने बघ. छाती खोल हवी, कोपरापर्यंत उतरलेली. शेवटच्या बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना पुसट दिसाव्यात. पोट वर ओढलेलं, कंबरेला हलकी कमान, मागचे फरे लांब आणि भरलेले. पंजा लांबट, बोटं घट्ट मिटलेली. बोटं फाकलेला पंजा ढेकळांत टिकत नाही. डोकं लांब आणि निमुळतं, त्यामुळे त्याची नजर दोन्ही अंगांना लांबवर फिरते.

केसाळ कानांची पश्मी असो की आखूड केसांचा कारवान, धावण्यात केसांचा संबंध नाही. रंगाचाही नाही. उंचीला तर मुळीच भुलू नकोस. दोन फुटांवर उंच आणि वीस-पंचवीस किलोचं सडसडीत कुत्रं वळणावर जे करतं, ते थोराड कुत्र्याला साधत नाही.

पाचवा मंत्र: पिल्लाला चिंधी दाखव

पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं झालं की एक काठी घे, तिला चार-पाच हात दोरी बांध आणि टोकाला चिंधी. अंगणात चिंधी जमिनीवरून सरपटव आणि तीन गोष्टी बघ.

नजर चिंधीवर टिकते का, की फुलपाखरू दिसलं की तिकडे जाते? चिंधी पिंपाआड गेली की पिल्लू काय करतं? थांबून तुझ्याकडे बघतं, जिथे ती दिसेनाशी झाली तिथेच हुंगत बसतं, की पिंपाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला जातं? हे तिसरं पिल्लू ठेवण्यासारखं. आणि शेवटची गोष्ट, चिंधी तोंडात दिली की ती घेऊन तुझ्याकडे येतं, की पळून जातं?

हा खेळ दोन मिनिटांचा. पिल्लाला अजून हवंहवंसं वाटत असतानाच चिंधी उचलायची. कंटाळा येईपर्यंत खेळवलेल्या पिल्लाची हौस मरते आणि ती परत येत नाही.

वर्षाच्या आत मात्र लांब पळवायचं नाही. हाडांची टोकं अजून वाढत असतात, त्यांवर ताण आला की पाय कायमचा बिघडतो. अमेरिकेतल्या त्या स्पर्धांतही वर्षाखालच्या कुत्र्याला घेत नाहीत.

सहावा मंत्र: सशाचा प्रश्न, वळता येतं का?

ससा कसा उठायचा, ते सांगतो. करडईच्या किंवा गवताच्या रानात तो खळग्यात अंग चोरून बसलेला असतो, मातीच्याच रंगाचा. अगदी पावलापाशी गेल्याशिवाय हलत नाही. मग एकदम उसळतो, कान पाठीला चिकटवतो आणि आधी सरळ जातो. कुत्र्याचं तोंड शेपटीशी आलं की तो अंग एका बाजूला टाकतो. सरळ वेगात आलेलं कुत्रं पुढे घसरत जातं, आणि तेवढ्यात ससा पंधरा-वीस पावलं दूर.

जुने पारखी तीन गोष्टी बघत. वळणाआधी कुत्रं झेप आखूड करतं का? मागचा भाग खाली घेऊन, शेपटी उलट बाजूला टाकून वळतं का? आणि वळल्यावर किती झेपांत पुन्हा पूर्ण वेग धरतं? तिसरीवर त्यांचा सगळ्यात भर असे. हुशार कुत्रं दोन-तीन वळणांनंतर सशाच्या मागे न जाता त्याच्या पुढच्या वळणाकडे तिरकं जातं. याला ते "रान वाचणं" म्हणत.

आता हाच प्रश्न दोरीवर विचार. सपाट माळावर खुंट्या ठोकून कप्प्या लाव आणि दोरी त्यांतून नागमोडी ने. सुरुवातीला तीनशे मीटर पुरे. वळणं रुंद ठेव. काटकोनाहून टोकदार वळण कधीच नको, त्यात कुत्र्याचं मनगट आणि खांदा जातो. बॅटरीवरची मोटर आणि रीळ मिळालं तर उत्तम. नाही तर सायकल उलटी करून पक्की बसव, मागच्या चाकाचा टायर काढ आणि रिमवर दोरी गुंडाळ. तरण्या पोराने जोरात पायडल फिरवलं तर पिल्लाला तो वेग पुरतो. मोठ्या कुत्र्याला मात्र मोटरच लागते. पिशवी कुत्र्याच्या पंधरा-वीस मीटर पुढे राहू दे. फार जवळ आली तर ते झडप घालून पडतं, फार लांब गेली तर नजर सुटते.

तू स्वतः वळणापाशी उभा राहा, सुरुवातीला नको. कुत्र्याचं खरं रूप वळणावर दिसतं. आणि दोरी कधीही हाताला गुंडाळायची नाही. धावती दोरी माणसाची बोटं आणि कुत्र्याचे पाय, दोन्ही कापते.

सातवा मंत्र: काळविटाचा प्रश्न, दम आहे का?

काळवीट सपाटीवर ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत वेग घेतो आणि दमाने पळत राहतो. धडधाकट काळवीट कुत्र्याच्या हाती लागत नसे. म्हणून तर कोल्हापूरसारख्या संस्थानात त्याच्यासाठी चित्ते पाळले होते. कुत्रं काळविटामागे सुटलं की पारखी पहिल्या झेपेकडे बघतच नसे. पहिली झेप सगळ्यांचीच झोकात असते. माळ अर्धा सरल्यावर कुत्र्याची पाठ अजून धनुष्यासारखी वाकते-सुटते आहे का, की चाल आखूड आणि उथळ झाली, याकडे त्याचं लक्ष असे.

काळवीट बघायचाच असेल तर कुत्रं घरी ठेवून अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या रेहेकुरीला जा. तिथलं अभयारण्य त्याच्यासाठीच आहे.

दमाची चाचणी अशी घे. वर्ष-दीड वर्षाच्या पुढचं, रोज चालून तयार झालेलं कुत्रं पाचशे-सहाशे मीटरच्या दोरीवर एकदा धावू दे. मग सावलीत पूर्ण विसावा. श्वास जागेवर आला, पाणी थोडं-थोडं पिऊन झालं, की दुसरी धाव. दोन्ही धावा लिही, पण भर दुसरीवर दे. दोन्ही धावांत फरक थोडा, तो दमाचा.

धाव संपल्यावर घड्याळ लाव. तयारीचं कुत्रं साधारण पाव तासात शांत श्वास घेऊ लागतं. त्याहून बराच वेळ लागत असेल तर त्या दिवशी दुसरी धाव नाही. हट्टाने पळवलेल्या कुत्र्याचा दम कळत नाही, फक्त आपला हट्ट कळतो.

आठवा मंत्र: खोकडाचा आणि कोल्ह्याचा प्रश्न, अक्कल आणि काळीज आहे का?

खोकड लहानखुरं, पण त्याच्या बिळाला अनेक तोंडं. ते एका तोंडाने आत गेलं की बावळट कुत्रं तिथेच उकरत बसतं, पंजे सोलून घेतं. शहाणं कुत्रं थांबतं, मान वर करून सभोवार बघतं आणि मालकाकडे परततं. हातचं गेलं हे ज्याला कळतं, ते कुत्रं दुसऱ्या दिवशीही धावायला धड राहतं. दोरीवर हे बघायला पिशवी मध्येच आडोशाला नेऊन थांबव. कुत्रं किती वेळ शोधतं आणि हाक मारल्यावर परत येतं का, ते लिही.

कोल्ह्याचं वेगळं. तो कोंडला की उलटून चावतो, त्यात रेबीजचं भय. त्याच्यापुढे कुत्रं दबकतं की उभं राहतं, एवढंच बघायचं असे. हे काळीज बघायला आज कोल्हा कशाला हवा? अचानक छत्री उघड. पत्र्याचा डबा फरशीवर पाड. घोंगडं पांघरलेला अनोळखी माणूस दारातून येऊ दे. कुत्रं दचकलं तर दोष नाही, दचकणं जिवंतपणाचं आहे. दचकल्यावर किती वेळात सावरून पुन्हा बघायला येतं, हे महत्त्वाचं. कारवान मुळातच अनोळख्याशी अंतर राखून असतो. तो धावून लगट करत नाही म्हणून भित्रा ठरवू नकोस. पण खाटेखाली शिरून बाहेरच येत नाही, किंवा उगाच चावायला उठतो, त्या कुत्र्याची वीण पुढे चालवायची नाही.

नववा मंत्र: रानडुकराचा प्रश्न, ऐकतं का?

रानडुक्कर हे कारवानाचं सावज कधीच नव्हतं. डुकराचा सुळा कुत्र्याची कूस फाडतो, आणि या कुत्र्याच्या अंगावर ना चरबी, ना जाड कातडं. हौसेने डुकरावर घातलेली चांगली-चांगली कुत्री अशीच गेली. आज डुकरं हरभरा, भुईमूग, मका उद्ध्वस्त करतात, शेतकऱ्याचा तो त्रास खरा आहे. त्यासाठी वनखात्याकडे अर्ज कर, पंचनामा करून नुकसानभरपाई माग. कुत्रं रानात राखणीला असेल तर त्याने भुंकून जागं करावं, एवढंच त्याचं काम.

म्हणून डुकराचा प्रश्न आपल्यासाठी असा: ऐन वेगात, नजर पुढे लागलेली असताना, तुझी एक हाक त्याला फिरवते का? नजरेच्या कुत्र्यासाठी ही सगळ्यात कठीण परीक्षा. एकदा डोळा लागला की त्याचे कान बंद होतात. पिल्लूपणापासून एकच हाक ठरव, ती आली की प्रत्येक वेळी घास मिळालाच पाहिजे, आणि त्या हाकेने बोलावून कधीही मारायचं नाही. मोठ्या कुत्र्याला आधी चालताना, मग पळताना, मग दोरी सुरू असताना फिरवून बघ. हाकेला न फिरणारं कुत्रं कितीही वेगवान असो, रस्ता, उघडी विहीर आणि कुंपणातली विजेची तार त्याची वाट बघत असतात. ते मोकळं सोडायचं नाही.

दहावा मंत्र: शेळ्यामेंढ्यांत उभं कर

ही परीक्षा कुठल्या परदेशी नियमावलीत सापडणार नाही, पण आपल्या गावात हिच्यावाचून चालत नाही. धनगराचा कळप रस्त्याने जात असताना कुत्रं दोरीला धरून बाजूला उभा राहा. मेंढरं पळाली की त्याचे कान उभे राहणार, अंग ताठ होणार. तेवढं ठीक. तुझ्या आवाजाने ते सैल होतं का, हे बघ. शेतात बांधलेलं कोकरू, अंगणातली कोंबडी आणि शेजारची मांजर यांच्याजवळ ज्याला नि:शंक नेता येतं, तोच कारवान घरात शोभतो.

अकरावा मंत्र: जोडीत बघ

एकटं सुंदर धावणारं कुत्रं दुसऱ्याबरोबर सोडलं की कधी-कधी वेगळंच निघतं. दोघांच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगांचे रुमाल बांध, म्हणजे लांबून ओळखता येतील. बघायचं असं: हे कुत्रं पिशवीमागे धावतं की जोडीदारामागे? पुढचा वळला म्हणून आंधळेपणाने वळतं, की स्वतः बघून? आणि जोडीदाराला धडक देतं, तोंड लावतं का? जे दुसऱ्याच्या धावेत आडवं येतं, ते त्या दिवशी बाद. इतर बाबतीत कितीही सरस असलं तरी बाद. हा नियम कडक वाटेल, पण पूर्ण वेगात दोन कुत्र्यांची धडक झाली की मान आणि पाय मोडतात.

बारावा मंत्र: रान, वेळ आणि पोट

पारखीचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. वेळ उगवतीची. उन्हाळ्यात काळ्या रानाला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात, तिथे कुत्रं पळवणं म्हणजे पाय मोडून घेणं. पळवण्याआधी सगळी वाट स्वतः चालून काढ. सराटे, काचा, काटेरी तार, खुंटं, कठडा नसलेली विहीर, सगळं बघ.

भरल्या पोटी कधीही नाही. खोल छातीच्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. आदल्या रात्री खाऊ घाल, सकाळी उपाशी पळव, पूर्ण निवाल्यावरच खायला दे.

धाव झाली की आधी हिरडी बघ. ओठ वर कर, हिरडी बोटाने दाब आणि सोड. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली तर ठीक. हिरडी लालभडक किंवा फिकट, जीभ रुंद होऊन लोंबते आहे, लाळ चिकट, चाल अडखळती, अशी लक्षणं दिसली की ऊन लागलं असं समज. लगेच सावली, पोटावर आणि मांड्यांच्या आत पाणी, वारा, आणि ताबडतोब डॉक्टर. मग पंजा उलटा करून प्रत्येक गादी, प्रत्येक बोटाची बेचकी बघ. कानात आणि बेचकीत गोचीड शोध. आणि कधी भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना आवर्जून सांग, हे नजरेच्या जातीचं, कमी चरबीचं कुत्रं आहे. अशा कुत्र्यांवर काही भुलीची औषधं जास्त वेळ टिकतात.

तेरावा मंत्र: गुण वहीत

"झकास पळतो" ही पारख नव्हे. अमेरिकेतल्या त्या संघटनेने शंभर गुणांची केलेली वाटणी मला पटते: उत्साह १५, सावजाचा पिच्छा न सोडणं १५, वेग २५, चपळाई २५, दम २०. नुसत्या वेगाला शंभरातले पंचवीसच, हे ध्यानात घे. पिशवी पकडली का, याला त्यात गुण नाहीत. मी त्यात गावाची दोन खाती जोडतो, त्यांना गुण नाहीत, फक्त पास की नापास: हाकेला फिरलं का, आणि मेंढरांत शांत राहिलं का. या दोन्हींपैकी एकातही नापास झालेलं कुत्रं शंभरपैकी शंभरचं असलं तरी त्याची वीण घ्यायची नाही.

तारीख, रान, हवा, कुत्र्याचं वय, आईबापांची नावं, धावेचे गुण, दुखापत, सगळं लिही. गुण द्यायला दोन माणसं ठेव आणि आपल्या कुत्र्याला स्वतः गुण देऊ नकोस. मालकाच्या डोळ्यांवर माया असते.

वही कशासाठी, तेही सांगतो. मुधोळच्या मालोजीराजे घोरपड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जातीकडे लक्ष दिलं, निवडून वीण केली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्ज राजाला जोडी भेट दिली, म्हणून मुधोळचं नाव सगळीकडे झालं. आज केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याला कॅरव्हॅन हाऊंड म्हणतो, दुसरी संघटना मुधोळ हाऊंड म्हणते. २००५ साली त्याच्यावर टपाल तिकीट निघालं. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. सैन्यानेही त्याला शिकवून बघितलं. हे सगळं चांगलंच आहे. पण राजाच्या आधी आणि राजानंतर ही जात टिकवली ती माळावरच्या साध्या माणसांनी, कामावर बघून आणि जोड्या जुळवून. शिकार थांबली तेव्हा त्यांची परीक्षाही थांबली. मग लोक रंग बघू लागले, उंची बघू लागले, वेगासाठी ग्रेहाऊंडची भेसळ करू लागले. कामाची परीक्षा नसलेली जात दोन-चार पिढ्यांत नुसती रूपापुरती उरते.

तुझं पिल्लू वर्षाचं झालं की पंचक्रोशीत ज्यांच्याकडे कारवान आहेत त्यांना एका सकाळी माळावर बोलाव. दोरी लाव, रुमाल बांध, दोन परके पारखी उभे कर आणि सगळ्यांचे गुण सगळ्यांसमोर लिही. पुढच्या वर्षी पुन्हा. कोणाची कुत्री कोणाच्या कुत्र्याला द्यायची, हे त्या वह्या एकत्र ठेवून ठरवा. कोणी विचारलं, "ससा धरतो का?" तर वही उघडून त्याच्यापुढे धर, आणि त्यालाही पुढच्या सकाळचं बोलावणं दे.